अठरा मिनिटं

पोस्टमिस्ट्रेस व्याली ती अकरा बेचाळीसला.
एकतीस डिसेंबर, बूर्बन काउंटी, केंटकी.
बाहेर कुंपणाच्या फळ्यांवर बर्फाची साय,
आत लाल दिव्याखाली पेंढ्यात
चार पायांचा ओला गुंता,
त्यातला कुठला पाय पुढचा, हे त्यालाही उमगलेलं नाही.

मादी.
कपाळावर पांढरा ठिपका,
चिमटीतून मीठ सांडावं एवढाच.

वीस दिवस आधी आली.
पोटात कुणी तिला नियम वाचून दाखवला नव्हता:
शर्यतीच्या घोड्यांचा वाढदिवस एकच, एक जानेवारी.
मार्चात जन्मा, मेमध्ये जन्मा,
रजिस्टर एकाच रात्रीत सगळ्यांना मोठं करतं.
म्हणजे ही, जिचे कान अजून चिकटलेलेच आहेत,
अठरा मिनिटांनी एक वर्षाची होणार.
पुढे दोन वर्षांची म्हणून फाटकात उभी राहील तेव्हा
आजूबाजूला आठ-दहा महिन्यांनी थोराड पोरी,
भरल्या छातीच्या,
आणि कागद म्हणणार: समवयस्क.

सतरा वर्षं रात्रपाळी केली,
नियम मला पाठ आहेत.
नाव अठरा अक्षरांच्या आत, मधली मोकळी जागाही मोजायची.
जिवंत माणसाचं नाव द्यायचं तर त्याची लेखी परवानगी.
आयाळीचे केस मुळासकट उपटून पाकिटात,
बाप कोण ते केस सांगतात,
आईच्या शब्दावर इथे कुणी विसंबत नाही.

वर्लीनबाई पार्टीतून तशाच आल्या,
चमचमत्या झग्यावर माझंच जुनं जाकीट.
आधी शिंगराकडे पाहिलं, मग भिंतीकडे.
म्हणाल्या, "त्रान्सितो, हे घड्याळ पुढे आहे."
"नाही बाई. सकाळीच लावलंय."
"या तबेल्यातलं घड्याळ नेहमीच पुढे असतं."
डॉक्टर कॉवुड हात धूत होते.
हात केव्हाच स्वच्छ झाले होते,
तरी नळ चालूच.

जन्मनोंदीचा तक्ता माझ्या हातात.
वेळेचा रकाना दोन बोटं रुंद.

मीही एक जानेवारीचा.
आई सांगते, कणसं मोडून वाळत ठेवली होती तेव्हाचा तू,
शेजारच्यांचं छप्पर उडालं त्या रात्रीचा.
टेबलापलीकडच्या माणसाला छप्पर चालेना.
त्याला तारीख हवी होती.
त्याने माझ्या दातांकडे पाहिल्यासारखं पाहिलं
आणि एक-एक घातलं.
इथे आम्ही सातजण, त्यातले चौघे एक जानेवारीचे.
एका केकवर भागतं.
बाई चेष्टेने आम्हाला थरोब्रेड म्हणतात,
आम्हीही हसतो, केक चांगला असतो.

अकरा चोपन्न.
घोडी पिल्लाला चाटतेय, मानेपासून शेपटीकडे,
एकही जागा न सोडता, एखादा अर्ज भरावा तशी.
बाई थांबल्या आहेत.
तिच्या बापाची फी किती, मला माहीत आहे.
माझ्या खोलीचं भाडं कोण भरतं, तेही.

पेन गोठलं होतं. तोंडात धरून ऊब दिली.
मग लिहिलं: अकरा बेचाळीस.
बेचाळीसमधला दोन जरा वाकडा आला,
तेवढा पुन्हा गिरवला.

बाई ओरडल्या नाहीत. तेच वाईट.
जाकिटाची चेन वरपर्यंत ओढत म्हणाल्या,
"मग कुणाच्या तरी पोरांना बसायला होईल."
डॉक्टरांनी नळ बंद केला.

पॅरिस गावात फटाके उडाले.
आमच्या काउंटीतलं हे पॅरिस, एका सिग्नलचं.
घोडीने कान मागे टाकले,
शिंगरू त्या आवाजानेच दचकून उठलं,
पडलं, उठलं, पुन्हा पडलं,
आणि चौथ्यांदा माझ्या गुडघ्याला टेकून उभं राहिलं.

बारा वाजले होते.
मला बावन्नावं लागलं, तिला दुसरं.
अजून पहिला घोटही प्यायची होती.